फुटलेल्या स्क्रीनच्या ई-रीडरमधून टिपणे आणि पुस्तके कशी वाचवावीत

ई-रीडरची स्क्रीन फुटली आहे हे ओळखणे वाटते तितके सोपे नसते, कारण बाहेरून तिच्यावर बहुधा ओरखडासुद्धा दिसत नाही. बहुतेक ई-रीडरमध्ये वर संरक्षक थर, त्याखाली काळ्या-पांढऱ्या रंगकणांचा थर आणि सर्वांत खाली ट्रान्झिस्टरची जाळी असलेली अतिशय पातळ काच असते. फुटते ती ही खालची काच. साताऱ्यात माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणारे ई-रीडर हातातून पडून फुटलेले कमी आणि दाबाने फुटलेले जास्त असतात. पुण्याच्या एसटीत सॅकमध्ये जेवणाच्या डब्याखाली दबलेला किंवा अभ्यासिकेच्या बाकावर जाड पुस्तकांच्या चळतीखाली राहिलेला ई-रीडर वरून अगदी नवा दिसतो आणि सुरू केल्यावर मात्र अर्धे पान गायब असते.

लक्षणे

पानाचा एक भाग उलटतो आणि दुसऱ्या भागावर जुने चित्र तसेच गोठून राहते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेषा उमटतात. एखाद्या कोपऱ्यातून काळा किंवा पांढरा डाग पसरतो आणि त्याच्या कडा तुटलेल्या काचेसारख्या तिरप्या असतात. यांपैकी काहीही दिसले तर काच फुटली आहे असे समजावे. ती कोणत्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही.

चौथे लक्षण फसवे आहे. संपूर्ण स्क्रीनवर एकच चित्र अखंड आणि स्वच्छ दिसते, पण बटण दाबूनही ते बदलत नाही. या प्रकारच्या पडद्याला चित्र बदलण्यापुरतीच वीज लागते, चित्र टिकवण्यासाठी लागत नाही. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरलेला ई-रीडरही आपले शेवटचे चित्र महिनोन्महिने दाखवत राहतो. डाग नाही, रेषा नाही आणि चित्र मात्र हलत नाही, अशी स्थिती असेल तर स्क्रीन फुटलेली नसण्याचीच शक्यता अधिक असते.

पुढचे सर्व वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुस्तके, टिपणे आणि अधोरेखिते मदरबोर्डवरच्या मेमरीत असतात, त्यांचा स्क्रीनशी काही संबंध नसतो. काच फुटल्याने एक अक्षरही नाहीसे होत नाही. नाहीसे होते ते नंतरच्या घाईत: कोणी रीसेट करतो, कोणी संगणकाने विचारताच ‘फॉरमॅट’वर क्लिक करतो, कोणी खात्यातून यंत्राची नोंदणी काढून टाकतो, तर कोणी जुने देऊन नवे घेण्याच्या योजनेत तो देऊन मोकळा होतो. म्हणून डेटा हाती येईपर्यंत या चारही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

पहिली तपासणी: हवे ते दुसरीकडे आधीच आहे का?

या तपासणीला पैसा लागत नाही आणि निम्मी चिंता इथेच मिटते. किंडल म्हणजे अमेझॉनचा ई-रीडर. त्याच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेली पुस्तके अमेझॉनच्या खात्याला जोडलेली असतात. फोनवर किंडलचे ॲप घेऊन त्याच खात्याने प्रवेश केला की ती पुन्हा उतरवता येतात आणि त्यांतील अधोरेखिते व टिपणेही सोबत येतात. ‘सेंड टू किंडल’ या सोयीने किंवा किंडलच्या ईमेल पत्त्यावर पाठवलेली कागदपत्रेही सामान्यतः खात्यात जतन होतात. अधोरेखिते एकत्र पाहण्यासाठी अमेझॉनचे ‘नोटबुक’ नावाचे वेबपान आहे. मात्र प्रकाशकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडचा मजकूर तिथे पूर्ण दिसत नाही.

मराठी वाचकाने इथे थोडे अधिक सावध राहावे. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली, पण आपल्याकडच्या अनेकांच्या ई-रीडरवर दुकानाबाहेरचाच मजकूर जास्त असतो: स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, वाईच्या विश्वकोशातील नोंदींचे स्वतः तयार केलेले संच, मित्राने पेनड्राइव्हवरून दिलेले पीडीएफ, कॅलिबर या सॉफ्टवेअरने स्वरूप बदललेली ई-पुस्तके. केबलने भरलेली ही सामग्री आणि तिच्यावर केलेली अधोरेखिते खात्यात जात नाहीत, ती फक्त त्या यंत्रातच असतात. तेव्हा कागदावर दोन रकाने करावेत, खात्यात असलेले आणि फक्त यंत्रात असलेले. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पुढचे काही करण्याची गरज नाही. काच बदलायची की नवा ई-रीडर घ्यायचा हा मग निव्वळ खर्चाचा प्रश्न उरतो.

विकत घेतलेल्या पुस्तकांतील टिपणेही यंत्राने शेवटच्या वेळी इंटरनेटशी जुळवून घेतले असेल तेवढीच खात्यात दिसतात. काही महिने वाय-फाय बंद असेल तर त्या काळातील टिपणे अजून यंत्रातच आहेत. अशा वेळी एक साधी युक्ती उपयोगी पडते. ई-रीडर पूर्वी ज्या वाय-फायला जोडला जात असे, त्याच नावाचा आणि त्याच पासवर्डचा हॉटस्पॉट फोनवर तयार करावा. सुरक्षेचा प्रकारही शक्यतो तोच ठेवावा. जुने ई-रीडर केवळ २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क ओळखतात, म्हणून हॉटस्पॉट त्या पट्ट्यावर आणावा. ई-रीडर चार्जरला लावून जागा केला की स्क्रीन न दिसताही तो ओळखीचे नेटवर्क समजून स्वतःहून जोडला जातो. तासाभराने नोटबुकचे पान पुन्हा पाहावे. विमान-मोड सुरू असेल तर अर्थातच या युक्तीचा उपयोग होत नाही.

दुसरी तपासणी: वीज आणि पुनःप्रारंभ

साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर ई-रीडर तीन-चार तास ठेवावा. पूर्ण उतरलेली बॅटरी पहिल्या काही मिनिटांत कसलाच प्रतिसाद देत नाही आणि लोक तेवढ्यावरच यंत्र मेले असा निष्कर्ष काढतात. ज्या किंडलला खालच्या कडेला दिवा आहे तिथे चार्ज होताना तो पिवळसर नारिंगी आणि चार्ज झाल्यावर हिरवा होतो. दिवा लागणे हे बोर्डाला वीज पोहोचत असल्याचे सर्वांत स्वस्त प्रमाण आहे. नंतर किंडलचे बटण सलग ४० सेकंद दाबून धरावे. याने यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, डेटा पुसला जात नाही. वर सांगितलेले फसवे लक्षण असेल तर बऱ्याचदा इथेच पान परत येते. पान उजळणारा स्क्रीनचा दिवा लागत असेल पण चित्र फुटके असेल, तर बोर्ड जिवंत असून दोष काचेत आहे असे ठरते. डेटाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

तिसरी तपासणी: केबल

यंत्र चार्ज होते पण संगणकाला दिसत नाही, या तक्रारीचे सर्वाधिक आढळणारे कारण केबल हेच आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. ब्लूटूथ स्पीकर किंवा दाढीच्या यंत्रासोबत आलेली केबल बहुधा या जातीची असते. केबल तपासण्याचा सोपा मार्ग असा की तिने फोन संगणकाला जोडून एक फोटो उतरवून पाहावा. फोटो उतरला तर केबल योग्य आहे. केबल संगणकाच्या पोर्टमध्येच लावावी, हबमध्ये लावू नये. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचे पोर्ट वापरावे, कारण पुढच्या पोर्टांची अंतर्गत जोडणी अनेकदा सैल असते. जुन्या बारीक पिनच्या यंत्रांत पोर्टमध्ये साठलेली धूळ हेही एक कारण असते. यंत्र बंद करून कोरड्या मऊ ब्रशने ती काढावी. सुई किंवा टाचणी मुळीच घालू नये.

चौथी तपासणी: संगणकावर काय दिसते

बहुतेक जुनी किंडल जोडताच पेनड्राइव्हसारखी उघडतात. २०२४ पासूनची नवी किंडल मात्र फोनसारख्या पद्धतीने जोडली जातात. विंडोजवर ती ‘पोर्टेबल डिव्हाइस’ म्हणून दिसतात, तर मॅकवर त्यांच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. म्हणून मॅकवर काही दिसले नाही तर यंत्राला दोष देण्याआधी एखादा विंडोज संगणक मिळवावा. यंत्र जोडल्याचा आवाज होतो पण ड्राइव्ह दिसत नाही अशी स्थिती असेल, तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या ड्राइव्हला अक्षर मिळाले आहे का ते पाहावे आणि नसेल तर द्यावे. अक्षर दिल्याने डेटाला धक्का लागत नाही. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर ‘कॅन्सल’ दाबून केबल काढावी आणि शेवटच्या भागाकडे वळावे.

कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरची रीत निराळी आहे. संगणकाला जोडल्यावर तो स्क्रीनवर परवानगी विचारतो आणि ‘कनेक्ट’वर बोट टेकवल्याशिवाय ड्राइव्ह उघडत नाही. स्क्रीन दिसत नसली तरी स्पर्शाचा थर वेगळा असल्यामुळे तो बऱ्याचदा शाबूत असतो. त्याच मॉडेलवर ते बटण कुठे येते याचे छायाचित्र इंटरनेटवर शोधावे आणि अंदाजाने त्या जागी हलकेच टेकवावे. जोर देऊ नये, कारण दाबाने तडा वाढतो आणि उरलेला स्पर्शही जातो.

ड्राइव्ह उघडल्यावर उचलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सैल पोर्टामुळे जोडणी मध्येच तुटू शकते. किंडलमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरातील ‘माय क्लिपिंग्ज’ ही मजकुराची फाइल सर्वप्रथम घ्यावी. ती अगदी लहान असते, पण तिच्यात यंत्रावर केलेली सर्व अधोरेखिते आणि टिपणे तारखेसह ओळीने लिहिलेली असतात, केबलने भरलेल्या पुस्तकांचीसुद्धा. तिचा आणखी एक गुण असा की ती फक्त वाढत जाते. पुस्तकात पुसलेले किंवा दुरुस्त केलेले टिपणही तिच्यात जुन्या रूपात शिल्लक असते, आणि पुस्तकच काढून टाकले असले तरी त्यावरची टिपणे इथे सापडतात. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना वर्षापूर्वीच्या, स्वतः विसरलेल्या नोंदी या फाइलमध्ये मिळतात.

त्यानंतर संपूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर उचलावा. पुस्तकांच्या नावाचे, शेवटी ‘एसडीआर’ असे लिहिलेले छोटे फोल्डर निरुपयोगी वाटतात. त्यांत त्या त्या पुस्तकाच्या खुणा असतात, म्हणून तेही घ्यावेत. कोबोमध्ये टिपणे ‘कोबो’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात ‘कोबोरीडर’ या डेटाबेस फाइलमध्ये असतात. त्यासाठी संगणकावर लपलेल्या फाइली दाखवण्याची सेटिंग आधी सुरू करावी लागते. दोन्ही बाबतींत ‘कॉपी’च करावे, ‘कट’ कधीही करू नये, आणि यंत्रातील फाइल तिथल्या तिथे न उघडता संगणकावर उतरवलेली प्रत उघडावी.

उतरवलेल्या क्लिपिंग्जमध्ये मराठीऐवजी विचित्र चिन्हे दिसली तर घाबरू नये. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये असते आणि एक्सेलसारखी सॉफ्टवेअर ती चुकीच्या पद्धतीने उघडतात. नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ निवडावे, देवनागरी जशीच्या तशी परत येते. चिन्हे दिसत असताना फाइल ‘सेव्ह’ मात्र करू नये, कारण मग बिघाड खरोखरच पक्का होतो.

दुकानातून घेतलेल्या पुस्तकांच्या फाइली बहुधा कुलूपबंद असतात आणि दुसऱ्या यंत्रावर उघडत नाहीत. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अमेझॉनच्या संकेतस्थळावरून पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये भरण्याची सोयही बंद झाली आहे. ती पुस्तके खात्यातूनच नव्या यंत्रावर किंवा ॲपवर घ्यावीत, त्यांच्या फाइलींमागे वेळ घालवू नये.

पासकोड असेल तर

किंडलला पासकोड लावलेला असेल तर तो उघडेपर्यंत संगणकाला ड्राइव्ह दिसत नाही. पासकोड आठवतो पण आकडे दिसत नाहीत, अशी ही कोंडी असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या किंडलवर पासकोडचे पान उघडून त्यावर कागद ठेवावा आणि स्क्रीनच्या चारही कडा व आकड्यांच्या जागा पेन्सिलीने उतरवून घ्याव्यात. मग आकड्यांच्या ठिकाणी भोके पाडून तो कागद फुटलेल्या स्क्रीनवर कडेला कड जुळवून धरावा. यंत्र जागे करून, लागत असल्यास बोट सरकवून आकड्यांचे पान आणावे आणि सावकाश एकेक आकडा टेकवावा. उरलेल्या अर्ध्या स्क्रीनवर काही दिसत असेल तर काम आणखी सोपे होते. यंत्र उघडल्यावर ते पुन्हा झोपण्याच्या आत केबल जोडावी, म्हणून केबलचे दुसरे टोक आधीच संगणकात लावून ठेवावे.

पासकोड विसरल्यास १११२२२७७७ हा आकडा टाकावा, असा सल्ला सर्वत्र आढळतो. तो आकडा कुलूप उघडत नाही, यंत्रातील सर्व सामग्री पुसून कारखान्यातून आल्यासारखे कोरे करतो. ज्याला डेटा हवा आहे त्याने तो आकडा कधीही टाकू नये. दुरुस्तीला देतानाही हे स्पष्टपणे सांगावे, कारण कुलूपबंद यंत्र ‘चालू करून देणे’ म्हणजे रीसेट करणे, असाच अनेक कारागिरांचा समज असतो.

यंत्र उघडावे लागले तर

स्पर्शही गेला आणि ड्राइव्हही उघडत नाही, तेव्हाच मागचे झाकण काढण्याचा विचार करावा. कोबो क्लारा एचडीसारख्या काही यंत्रांत मेमरी म्हणजे बोर्डावरच्या खाचेत बसवलेले मायक्रो एसडी कार्ड असते. बॅटरीची जोडणी काढून ते कार्ड बाहेर घ्यावे आणि कार्ड रीडरने संगणकाला लावावे. कार्डावर एकाहून अधिक विभाग असतात आणि त्यांतले काही लिनक्सचे असल्यामुळे विंडोज ते फॉरमॅट करायला सांगते, तेव्हा नकार द्यावा. पुस्तकांचा विभाग नेहमीसारखा उघडतो. शक्य असल्यास आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली पूर्ण नक्कल, करून घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत.

किंडलमध्ये मेमरी बोर्डाला डाखलेली असते. तिथे सर्वांत किफायतशीर मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचे आणि त्याच पिढीचे, स्क्रीन चांगली पण इतर बिघाड असलेले जुने किंडल मिळवून आपला बोर्ड त्यात बसवणे. नुसता पडदा बदलण्यापेक्षा मी हे पसंत करतो, कारण पडदा चौकटीला गोंदाने घट्ट चिकटवलेला असतो आणि तो सोडवून नवा बसवताना नवा पडदाही फुटण्याची भीती असते, तर बोर्ड काही स्क्रू आणि पट्टीच्या जोडण्या सोडवल्या की सुटतो. पडदाच बदलायचा असेल तर मागच्या बाजूवरचा छापील क्रमांक पूर्ण जुळला पाहिजे. केवळ आकार सारखा असून चालत नाही, कारण प्रत्येक पडद्याला लागणारा विद्युतदाब आणि चित्र उमटवण्याची पद्धत निराळी असते. फुटलेला पडदा उगाच सोडवूनही ठेवू नये. काही यंत्रे सुरू होताना पडद्याकडून माहिती घेतात आणि ती न मिळाल्यास सुरूच होत नाहीत.

काम करताना बॅटरीची जोडणी सर्वांत आधी काढावी, झाकणाखाली धातूची पट्टी खोल घालू नये, बॅटरीला उष्णता लागू देऊ नये आणि चष्मा घालावा. या काचेचे तुकडे केसाइतके बारीक असतात.

कुठे थांबावे

मागचे झाकण फुगून वर आले असेल, चार्ज करताना यंत्र हाताला चटका लागण्याइतके तापत असेल किंवा गोडसर रासायनिक वास येत असेल, तर बॅटरी बिघडली आहे. यंत्र लगेच चार्जरवरून काढावे, अंथरुण-कागदांपासून दूर ठेवावे आणि कुशल कारागिराकडे न्यावे. यंत्र पाण्यात भिजले असेल तर ते वाळले की नाही हे पाहण्यासाठी चार्ज करू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णाकाठच्या घरांतून आलेल्या गाळाच्या पाण्यात भिजलेल्या उपकरणांबाबत हेच खरे होते, की पाण्यापेक्षा ओल्या बोर्डावर दिलेल्या विजेने जास्त नुकसान केले. असे यंत्र बंदच ठेवून बोर्ड स्वच्छ करणाऱ्याकडे द्यावे.

संगणक यंत्राला ‘अनोळखी’ म्हणत असेल, ड्राइव्हचा आकार शून्य दाखवत असेल किंवा फॉरमॅटचाच संदेश पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष मेमरीत किंवा तिच्या नोंदींत आहे. अशा मेमरीवर घरी एकामागून एक सॉफ्टवेअर चालवत राहिल्यास वाचण्यासारखा भागही कमी होत जातो. चार्जिंगचे पोर्ट बदलणे किंवा बोर्ड दुसऱ्या यंत्रात बसवणे साताऱ्यातला मोबाइल दुरुस्तीचा चांगला कारागीर करू शकतो. मेमरीची चिप काढून वाचणे हे मात्र डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचे काम आहे आणि त्यासाठी पुणे गाठावे लागते. तिथे यंत्र देण्यापूर्वी डेटा न मिळाल्यास किती पैसे पडतील हे विचारावे आणि ‘रीसेट, फॉरमॅट किंवा नवे सॉफ्टवेअर घालू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. फक्त केबलने भरलेले पीडीएफच हवे असतील आणि ते पुन्हा मिळण्यासारखे असतील, तर हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःची काही वर्षांची टिपणे असतील तर तो जरूर करावा.

सर्व हाती आल्यावर क्लिपिंग्ज आणि दोन-चार पुस्तके दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावीत आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यानंतरच जुन्या यंत्राची नोंदणी खात्यातून काढावी. ते घंटागाडीत टाकू नये, आत लिथियमची बॅटरी असते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे ते बॅटरीसह न उघडता द्यावे.